चंबूतलं पाणी

संतपूर, पौष शुद्ध पंचमी, शके १८५९

चि. सिद्धराम यास अक्का नागूबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडं सगळे बरे. तुरीची रास झाली, माझी कंबर धरली.

गुरुबाईसाठी हुमनाबादचं स्थळ माघात पक्कं व्हायचंय. मामा मुलाच्या घरी जाऊन पाणी पिऊन आल्याबिगर आपल्यात सुपारी फुटत न्हाई. पाणी पिलो म्हणून तू मागल्या महिन्यातच निरोप धाडलास. आणि गाडीवाला ग्यानबा म्हणायलाय, सिद्धराम अण्णा तर दिवाळीपासून आळंदची वेस ओलांडले न्हाईत. मग पाणी कुठलं पिलास रे? एकुलती भाची हाय तुझी. सरळ काय ते लिही. लोभ असावा का नसावा, ते उत्तर आल्यावर बघू.

नागूबाई

आळंद, पौष शुद्ध द्वादशी

ती. अक्कास सिद्धरामचे शरणार्थ. तुझं पत्र पोचलं, शिव्यांसकट.

मुलाचे वडील श्रीमंत अप्पा इथं बाजाराला आले होते. संगट चंबू, त्यात त्यांच्या विहिरीचं पाणी. तेच पिलो. पाणी त्या घरचं, चंबू त्या घरचा. माझे पाय तेवढे इथं राहिले. त्यांची बैलजोडी बघितली असतीस तर तूही गप बसली असतीस. असले बैल पाळणाऱ्याचा मुलगा वाईट कसा असंल? दोन दिवस गाडीत हादरून आणखी काय कळणार होतं? उगं डोकं शिणवायलीस. भावजींना शरणार्थ. धाकट्यावरची माया आटू देऊ नये.

सिद्धराम

संतपूर, पौष वद्य दशमी

चि. सिद्धराम यास आशीर्वाद. द्यावे वाटत न्हाईत, तरी.

बैल बघून जावई ठरवणारा माझाच भाऊ निघावा! हाडं खिळखिळी करून मीच हुमनाबादला जाऊन आले. दारात पाणी घेऊन एक विशीतली पोरगी आली. कुणाची गं म्हणून विचारलं, तर म्हणाली, या घरची सून, चंद्रम्मा. घरात मुलगा एकच. चार वर्षांत मूल न्हाई, म्हणून दुसरी आणायलेत. तिनं काही लपवलं न्हाई; मला ठाऊक असंल असंच तिला वाटलेलं. एक प्रश्न पुरला, सिद्धराम. एकच. तांब्या तसाच खाली ठेवून उठले.

घरी येऊन गुरुबाईला सांगितलं. रडली न्हाई. म्हणाली, कासारणीकडून हे मार्गशीर्षातच कळलं होतं, तुला तीनदा सांगितलं. व्हय, सांगितलं होतं. मामा पाणी पिऊन आलाय म्हणून मीच तिला गप केलं. तू बैलांवर भार टाकलास, मी तुझ्यावर. पोरीचं ऐकायचं तर मला पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागला असता, आणि माझ्या हातात तुरीचं सूप होतं.

आता शब्द परत घ्यायला तूच जायचं. निरोप न्हाई, पत्र न्हाई. तिथून तसाच इकडं ये. गुरुबाई माझ्याशी बोलत न्हाई. तिच्यापुढं बसून काय म्हणायचं ते मला विचारू नकोस, मलाच अजून सुचलं न्हाई. लोभ हाय, म्हणून एवढी शाई खर्चली.

नागूबाई