गाण्यातली माशी

सणसर, रविवार, संध्याकाळ

गेली एकदाची ती माशी! चार दिवस नुसतं डोकं पिकवलं होतं तिनं.

माझा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. म्हटलं, सगळी गाणी त्यात भरू आणि माजघरातल्या अँप्लिफायरला जोडून टाकू. जोडला, गाणंही लागलं, पण मागून सतत घूंऽऽ. तात्या, म्हणजे माझे सासरे, पहिल्याच दिवशी म्हणाले, "सूनबाई, गाण्यात माशी शिरलीया." आणि उठून गेले. लागलंच मला ते. शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते मी, आणि घरात ही तऱ्हा? मग वायर बदलली, स्पीकर बदलले, रोज तासभर नेटवर शोधलं. माशी तिथंच.

आज दुपारी तात्यांनी हौदातून बादली भरली आणि मीटरखालच्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतली. मग दुसरी. मी बघतच राहिले.

"तुझ्या त्या डब्याला हात लावला तवा मुंग्या आल्या," ते म्हणाले. "माती कोरडी पडली की अर्थिंग धरत न्हाय, मग वीज जमिनीत न जाता डब्यातच घुमती. विहिरीवर मोटारीच्या पेटीचं बी असंच व्हतं."

थोड्या वेळानं बटण दाबलं. घूं नाही. नुसतं गाणं, स्वच्छ.

"तात्या, मग चार दिवस सांगितलं का नाहीत?"

"तू इचारलंस कुठं?"

खरंच की. नेटवर अख्ख्या जगाला विचारून झालं होतं, माजघरात बसलेला माणूस तेवढा राहिला.

आता तिसरं गाणं चालू आहे. तात्या अजून उठलेले नाहीत.