अठराव्या मजल्याचं घर

सोक्चो
१४ ऑक्टोबर

ती. दादास,
सप्रेम नमस्कार.

इकडे थंडी लवकर पडली. सोराक डोंगरावरची पानं लाल झाली म्हणून शनिवार-रविवार बसगाड्या भरभरून येतात, आणि डोंगर बघून झाला की सगळे खाली उतरून माझ्या दुकानात भरले माकुल मागतात. माकुल आता समुद्रात उरलेत कुठे? भाव ऐकून आधी तोंड वाकडं करतात, मग दोन ताटं खातात. माझा गुडघा बरा आहे. वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं.

तुझं पत्र पोचलं. आईला फोनवर ऐकू येत नाही म्हणून तू मोठ्या अक्षरांत थेट तिलाच लिहिलंस. तिने चष्मा लावून स्वतः वाचलं, दोनदा. मग माझ्यासमोर टाकून म्हणाली, "उत्तर लिही." त्याला आठवडा होऊन गेला. दुकानात गर्दी होती.

तू विचारतोस, बिल्डरच्या कागदावर तुझा सहीचा शिक्का झाला, मग आईचा आणि माझा का होत नाही? बाबा गेल्यावर घर तिघांच्या नावे झालं, तिघांचे शिक्के लागतात, वस्तीतले बाकीचे सगळे तयार आहेत, एका आपल्या घरामुळे काम अडलंय. हे सगळं मला पाठ आहे, बांग बाई रोज ऐकवते. घरोघर फिरून गोड बोलायला बिल्डरने ठेवलेली बाई ती. दर खेपेला टिश्यूचे रोल आणि कपड्यांचा साबण घेऊन येते. परवा म्हणाली, "ताई, एवढ्या नावाजलेल्या शहरात असं गळकं घर? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "गळतं ते माझ्या डोक्यावर. तुमचे केस भिजले का?"

दादा, सोलमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. आराखडा मी बघितलाय. समुद्राकडचे दोन टॉवर सोलच्या लोकांना विकायचे, उन्हाळ्यात चार दिवस येऊन राहायला. आपल्याला मागचा टॉवर, बसस्थानकाकडे तोंड करून. ज्यांनी जन्मभर खारा वारा खाल्ला त्यांनी आता बसचा धूर खायचा! आणि दुकानाचं विचारलं तर म्हणतात, तळघरात गाळा देऊ. माकुल काय तळघरात भाजू?

दुसरं असं की नवव्या महिन्याच्या नवमीला तू याही वर्षी आला नाहीस. लढाईत सीमेपलीकडे उत्तरेत राहिलेले आजी-आजोबा कधी गेले ते कोणालाच ठाऊक नाही, म्हणून तिकडून पळून आलेली सगळी वस्ती त्या एकाच दिवशी आपापल्या माणसांचं पान मांडते. हे काम थोरल्या मुलाचं. पण वहिनी चर्चला जायला लागल्या आणि तू पूजेची पितळी भांडी खोक्यात घालून बसच्या पार्सलने माझ्याकडे धाडलीस. तेव्हापासून मी मुलगी असून पान मांडते, पितरांपुढे दारू ओतते, वाकून नमस्कार करते. वस्तीतले म्हातारे म्हणतात, ज्याच्याकडे भांडी त्याचं घर. कायदा काय म्हणतो ते मला माहीत नाही. मी म्हाताऱ्यांचं धरते.

आता तू म्हणशील, आई काय म्हणते ते का लिहीत नाहीस? लिहिते. ताकाला जाऊन भांडं किती लपवणार?

तू फोन करायचास, आईला ऐकू यायचं नाही, आणि मी तुला सांगायचे, "आई नाही म्हणते. या घरातून हलणार नाही म्हणते." दादा, ते आईचं बोलणं नव्हतं. ते माझं होतं.

खरं काय ते ऐक. उन्हाळ्यात बांग बाई आईला नमुन्याचं घर दाखवायला गाडीत घालून घेऊन गेली. तिथे आई मोजे काढून खालून तापवलेल्या गरम जमिनीवर बसली ती उठेचना. घरी आल्यापासून एकच धोशा, "मला अठरावा मजला हवा." मला वाटलं, वरून उत्तरेतलं तुमचं गाव दिसेल असं काहीतरी त्या बाईने तिच्या डोक्यात भरवलं असणार. मी कानाशी जाऊन ओरडले, "आई, तिथून गाव नाही दिसत! बसस्थानक दिसतं!"

"दिसू दे की. बसगाड्या बघत बसेन. गाव बघून काय करू? आता कोण जातंय तिकडे?"

"अगं पण हे घर बाबांनी बांधलंय!"

"बांधलंय म्हणे! किनाऱ्याला लागलेल्या फळ्या ठोकून केलेला आडोसा तो. आठ दिवसांत गावी परतू म्हणायचा. दादा झाला तेव्हा घरातल्या बादलीत बर्फ होता बर्फ! तू इथे जन्मलीस, तुझं प्रेम असेल. मला हे घर एक दिवस आवडलं नाही."

दादा, साठीची बाई मी, हमसून हमसून रडले. हे घर मी आईसाठी वाचवतेय असं मी गावभर सांगत फिरत होते.

मग शेवटचं अस्त्र काढलं. टॉवर उभा राहायला सहा वर्षं जातील, तोवर भाड्याच्या खोलीत राहावं लागेल, आणि तू नव्वदीला टेकलीस, हे सगळं तिला ओरडून सांगितलं. शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. आई लसूण सोलत होती, तशीच सोलत राहिली.

"मला हिशेब येतो," ती म्हणाली. "मी काही तिथे राहायला जात नाही, हे मला तुझ्याआधी कळलंय. पण इथे आणताना मला कोणी विचारलं नाही. लग्न ठरवताना विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा कोणी माझ्यापुढे कागद ठेवून विचारतंय, आजी, तुम्हाला काय हवंय? मला हो म्हणू दे ना गं."



तेव्हा कळवते की आईचा होकार आहे. काल तिने शिक्का मारला, चांगला दोन्ही हातांनी दाबून. बांग बाईने टाळ्या वाजवल्या.

आणि माझा नकार आहे. आता आईच्या नावाने नाही, बाबांच्या नाही, आजी-आजोबांच्याही नाही. मला हे घर हवंय. मला! सकाळी दार उघडलं की समोर पाणी असतं, मी चूल पेटवते, आणि या जगात माझं काहीतरी आहे असं मला वाटतं. नवरा गेला, लेक परदेशात, तुझं तू बघतोस. कारण एवढंच आहे आणि मला ते पुरतं. वस्तीतले लोक मला बघून तोंड फिरवतात. घर फिरलं की वासेही फिरतात, फिरू देत. बिल्डरला म्हणावं कोर्टात जा. पाडायला आलात तर मी आत भात शिजवत असेन, तेव्हा चपला बाहेर काढून या.

इथवर लिहून पत्र आईला वाचायला दिलं. ओठ हलवत तिने सगळं वाचलं. मला वाटलं, भडकेल. तर म्हणाली, "अक्षर घाणेरडं आहे तुझं. तू नाही म्हण, मी हो म्हणते. एका घरात दोन बायका आहेत, दोन मतं असायचीच. सूप गरम कर."

आता तुझं काम. गरम जमीन, लिफ्ट, सगळं तुझ्याकडे आजच आहे, त्यासाठी सहा वर्षं थांबायला नको. या थंडीत तिला न्यायचं की नाही ते मला फोन करून विचारू नकोस. स्वतः ये. तिच्यासमोर बस, कानाशी तोंड नेऊन विचार, आई, तुला काय हवंय? आणि उत्तर येईपर्यंत थांब, तिला वेळ लागतो. मी मध्ये बोलणार नाही.

वहिनींना नमस्कार.

शिक्का न मारलेली,
तुझी धाकटी बहीण
ब्योंगसुक