नानांचे दोन रकाने

श्री

गुलमंडी, औरंगाबाद
रविवार, २३ सप्टेंबर १९५६

चि. पद्मजा हिस आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. पाऊसपाणी बरं आहे. नहरीचं पाणी मात्र पुन्हा कमी झालंय, अंगणातल्या हौदावर रोज सकाळी तोंडातोंडी होते. सीताफळं यायला अजून अवकाश आहे. नानांची तब्येत चांगली आहे. माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तुझे नानाच.

तू तिथं राजधानीत राहतेस, तुला माझ्याआधी कळलं असेल. दिवाळीच्या तोंडावर आपलं हैदराबाद राज्य फुटणार. तुमचं गाव आंध्रात, आम्ही मुंबई राज्यात. एकाच चुलीपुढं बसून मी हे चौथं राज्य बघते आहे. आधी निजाम, मग पोलिस अ‍ॅक्शननंतरचे मिलिटरीवाले, मग आपले निवडून आलेले, आणि आता मुंबईवाले. चूल जागची हलली नाही, पाट्या मात्र बदलत राहिल्या.

तेही चाललं असतं. पण सरकारनं नोकरदारांकडून लिहून मागितलंय की तुम्हाला कोणत्या राज्यात राहायचं. झालं! ज्या माणसाला दोडका आणायचा की भोपळा हे मंडईत अर्धा तास ठरवता येत नाही, त्याच्या हातात सरकारनं अख्खं राज्य निवडायला दिलं. सव्वीस वर्षं कचेरीत पेशकारी केली, दुसऱ्यांचे कागद पुढं सरकवले. स्वतःचा एक कागद सरकेल तर शपथ.

फॉर्म आला त्या दिवशी ह्यांनी एक ताव घेतला, मधोमध रेघ मारली, एका बाजूला हैदराबादचे फायदे आणि दुसऱ्या बाजूला नुकसान लिहायला घेतलं. तो ताव कॅलेंडरच्या खिळ्याला लटकतोय. रोज कचेरीतून आले की टोपी काढायच्या आत त्यात एक ओळ घालतात, जेवण झालं की एक खोडतात. आणि हे सगळं उर्दूत! तुला माहीतच आहे, सगळं शिक्षण आणि नोकरी उर्दूत झाल्यामुळं ह्यांना विचार करायचा तर उर्दूत येतो, रागवायचं तेवढं मराठीत. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. विचारलं तर म्हणतात, "अजून मुकम्मल झालं नाही," म्हणजे पुरं झालं नाही.

येईल जाईल त्याला विचारायचं. शेजारचे तात्यासाहेब वकील तर रोज संध्याकाळी येऊन बसतात. "मधुसूदनराव, मराठी माणसानं मराठी राज्यात राहावं, विचार कसला करता?" हे म्हणतात, "पण त्यात गुजरातही आहे ना?" मग तात्यासाहेब तासभर संयुक्त महाराष्ट्रावर बोलतात आणि मी दोनदा चहा टाकते. ते गेले की हे म्हणणार, "तात्या म्हणतो ते बरोबर आहे, पण मुंबईला जायचं तर मनमाडला गाडी बदलावी लागते." अरे, पण तुम्हाला मुंबईला जायचंय कशाला!

लिहिताना पुटपुटतात, त्यावरून थोडं कळतं. मुंबई राज्यात दारूबंदी आहे, ते एका बाजूला मांडलं. जन्मात थेंब घेतला नाही, ह्यांना त्याचं काय? तिथं मराठीत टिपणं लिहावी लागतील, परीक्षाही द्यावी लागेल म्हणे, ते दुसऱ्या बाजूला. हैदराबादला दवाखाना मोठा. हैदराबादची ज्वारी बेचव. परवा तर हद्द झाली. पडेगावची सरूबाई दारात माळवं घेऊन बसली होती, तिलाही विचारलं. ती म्हणाली, "मला काय इचारता सायेब? कोनचं बी राज्य येऊ द्या, मला पडेगावहून पाटी डोक्यावरच आनायची हाय." ह्यांनी आत येऊन तेसुद्धा लिहिलं असेल. पण कोणत्या रकान्यात, देव जाणे.

मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, हैदराबाद लिहा आणि मोकळे व्हा. पाणी भरपूर, दवाखाना चांगला, ह्यांची जुनी ओळखीची माणसं सगळी तिथं. तर हे माझ्याकडं नुसतं बघायचे. म्हणायचे, "यमुना, तुला औरंगाबाद का नको झालंय?" मी म्हणायची, पाण्यासाठी.

पद्मा, पाण्यासाठी नाही गं. पण ते पुढं सांगते.

तुझं नागपंचमीचं कार्ड पोचलं होतं. पाचवा लागला असं लिहिलं होतंस, म्हणजे आता सहावा. डाळिंब खात जा. जिन्यावरून जपून उतर. तुला सासू नाही, म्हणजे तिथं करणारं कुणी नाही, हे तू लिहिलं नव्हतंस, पण मला मोजता येतं. तुझी तिन्ही संक्रांतींची कार्डंसुद्धा पोचली आहेत. माझ्या पेटीत लुगड्यांच्या खाली आहेत. उत्तर दिलं नाही म्हणून वाचली नाहीत असं समजू नकोस.

काल शनिवारी हे कचेरीत गेल्यावर मी तो ताव खिळ्यावरून काढला आणि पलीकडच्या हमीदाबीकडं गेले. म्हटलं, निदान मी सांगितलेलं पाणी तरी लिहिलंय का बघू. हमीदाबी शिवणकाम करत होती. मशीन थांबवून चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागली. आधी दोघी पोट धरून हसलो. फायद्यात मोठा दवाखाना, मग "डबल डेकर बस", मग ती खोडलेली. नुकसानात ज्वारी, तेलुगू येत नाही, घरभाडं. पाणीही होतं हो, माझ्या नावानिशी: "यमुना के कहने से, पानी." मग हमीदाबीनं कागद डोळ्यांजवळ नेला. म्हणाली, "भाबी, ये क्या है? इधर बी पद्मजा, उधर बी पद्मजा."

मी म्हटलं, नीट वाच.

फायद्याच्या रकान्यात शेवटी नुसतं तुझं नाव होतं. आणि नुकसानाच्या रकान्यात शेवटी लिहिलं होतं, "पद्मजा का मैका नहीं रहेगा."

मी तिथं तिच्या चिंध्यांच्या गाठोड्यावरच बसले. तीन वर्षांत ह्या माणसानं घरात तुझं नाव काढलं नाही. मला वाटायचं, पुरुषाचं मन, पुसून टाकलं असेल. आणि हा बाबा हिशेब मांडून बसलाय की आपणच तिच्या गावात जाऊन राहिलो, तर पोरीनं माहेरी म्हणून यायचं कुठं!

हमीदाबीनं कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. तिची थोरली सलमा एकोणपन्नास साली नवऱ्याबरोबर कराचीला गेली, तुला आठवत असेल. म्हणाली, "मेरी बेटी के खत कू महीना लगता, वो बी आया तो आया. तुम्हारी तो एक रात की गाड़ी में है. हमसे तो कोई पूछा बी नई कौनसे मुल्क में रहते बोल्के." आणि पुन्हा मशीन सुरू केलं. मला चहासुद्धा विचारला नाही. ती त्या दिवसापासून माझ्यावर मनातून रागावलेली आहे, हे मला माहीत आहे. तिनं सगळं बघितलं होतं.

आता ते सांगते. इतकी पानं त्याला वळसा घालत आले.

तू आर्यसमाजात लग्न करून त्यांना घेऊन दारात आलीस, तेव्हा मी आतून कडी लावली, एवढं तुला ठाऊक आहे. टांगा वळल्यावर काय झालं ते ठाऊक नाही. मी भर दुपारी अंगणातल्या हौदावर गेले आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून तीन घागरी ओतून घेतल्या. तुझ्या नावानं आंघोळ केली. सगळी बिऱ्हाडं दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं होतं, लोक म्हणतील बाई मोठी कडक. कुणीच काही म्हणालं नाही. हमीदाबीनं तेवढं दार लावून घेतलं.

आणि आठ दिवसांनी तुला कार्ड टाकलं, "तुझ्या नानांची इच्छा नाही, पुन्हा येऊ नये." ते खोटं होतं. नानांना मी विचारलंच नव्हतं. स्वतःच्या नावानं लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून त्यांचं नाव घातलं. तीन वर्षं तू बापाला दगड समजत असशील, तर तो दगड मी आहे.

म्हणून मला हैदराबाद हवं होतं. तिथं तो हौद नाही. तिथल्या कुणी ती आंघोळ बघितलेली नाही. तुझं बाळंतपण तिथंच गुपचूप केलं असतं आणि इथल्या कुणापुढं मला खाली मान घालावी लागली नसती. आंघोळ केली की सुतक फिटतं म्हणतात. माझं काही फिटलं नाही गं. रोज त्याच हौदावर घागर बुडवते आणि रोज आठवतं.

आज सकाळी मी तो ताव ह्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, मी वाचून घेतलाय. रागावले नाहीत. म्हणाले, "मग ते मुकम्मल झालं म्हणायचं." मग मी त्यांना कार्डाचं सांगितलं. आंघोळीचं त्यांना माहीत होतं, कार्डाचं नव्हतं. बराच वेळ दौतीचं झाकण लावत होते, काढत होते. मग म्हणाले, "मला त्या दिवशी कचेरीत कुणीतरी सांगितलं, पोरगी आली आहे म्हणून. मी तसाच सायकलवर घरी आलो. अंगणात तू ओलीचिंब उभी होतीस. मी तसाच स्टेशनवर गेलो. गाडी निघून गेली होती."

तीन वर्षांत हे मला सांगितलं नाही! आता तूच सांग, अशा माणसाबरोबर कुठल्या राज्यात सुखानं राहता येईल? मला वाटलं होतं, त्या दिवशी जेवले नाहीत ते रागानं.

मी म्हटलं, मग आता फॉर्मवर लिहा एकदाचं, औरंगाबाद. तर म्हणतात, "नाही. आधी तू तिला लिही. सगळं लिही. पत्र पेटीत टाकून ये, मग मी सही करतो. हे घर तिचं माहेर आहे की नुसती भाड्याची जागा, ते तू ठरव. त्यावर माझं राज्य ठरेल." जन्मभर ह्या माणसानं कधी अट घातली नाही, घातली ती ही.

तर पद्मा, ऐक. पितृपंधरवड्यात असली पत्रं कुणी लिहीत नाही, पण एक तारखेला फॉर्म द्यायचा आहे, आणि मी तीन वर्षं मुहूर्त बघण्यातच घालवली. घट बसले की निघून ये. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. त्यांना रजा मिळत असेल तर पोचवायला त्यांनीही यावं. भाकरी चालत नसेल तर मी भात लावीन. गुपचूप यायचं नाही. दिवसाउजेडी पोचणाऱ्या गाडीनं ये. मी टांगा चौकातून, सगळ्यांच्या दारांवरून आणणार आहे. त्याच अंगणात, त्याच हौदाशेजारी पाट मांडून तुला न्हाऊ घालणार आहे, सगळी बिऱ्हाडं बघत असताना. बोलू देत काय बोलायचं ते. हमीदाबीला बाळंतविडा शिवायला सांगितलाय. त्यावर आज ती माझ्याकडं बघून मनापासून हसली.

तुला यायचं नसेल, तर तेही लिही. आईनं एवढं केल्यावर येणार नाही म्हणालीस, तर मी तुला बोल लावणार नाही. पण कार्ड तुझ्या नावानं लिही, त्यांचं नाव पुढं करू नकोस. त्यानं काय होतं ते मी भोगलं आहे.

हे फॉर्म मांडीवर घेऊन समोर बसलेत आणि "झालं का?" म्हणून आतापर्यंत तीनदा विचारून झालंय. स्वतः एक महिना लावला, मला एक तास देत नाहीत. खाली चार ओळींची जागा सोड म्हणताहेत, म्हणून इथंच आवरतं घेते.

वर मायन्यात तुझ्या नावामागं सौ. लिहिलं नाही. विसरले नव्हते, हात अडला होता. आता पाकिटावर लिहिलं आहे: चि. सौ. पद्मजा राजलिंगम. त्यांचं नाव मी आज पहिल्यांदा लिहिलं. बरोबर लिहिलं आहे का ते आल्यावर सांग.

तुझी
आई

चि. सौ. पद्मजास अनेक आशीर्वाद. मराठी लिहिण्याची सवय राहिली नाही, चूकभूल माफ करणे. कोणत्या गाडीने येणार त्याची आगाऊ इत्तिला देणे. मागील वेळी मला स्टेशनवर पोचण्यास उशीर झाला. या वेळी गाडीच्या अगोदर हजर राहीन.

नाना