विहिरीत हवा पोचली नाही

निफाड, १२ मे १९९८

आज विहिरीत दरड सरकली आणि विहीर खोदणाऱ्या निवृत्तीचा पाय धोंड्याखाली अडकला. मधे द्राक्षबाग असल्यामुळे माझा हवेचा कॉम्प्रेसर लांबच उभा राहिला. हाताशी होते ते बारीक पाइप जोडून खाली सोडले. वर कॉम्प्रेसरचा काटा पूर्ण दाब दाखवत होता, खाली हवेवर चालणारा दगड फोडायचा ब्रेकर नुसता थरथरत होता.

"दादा, हवा येत नाय," निवृत्तीचा भाऊ खालून ओरडला.

एवढ्या लांब बारीक पाइपात दाब वाटेतच संपत होता. जाड पाइप पिंपळगावहून मागवला, पण तोवर काय करणार? काटा पूर्ण, आणि निवृत्ती विव्हळतोय. मी काठावर नुसता उभा.

जाड पाइप लावल्यावर धोंडा लगेच फुटला. पाय मात्र गेला, असं डॉक्टर म्हणाले.

"आधीच का नाय आणला तो पाइप?" निवृत्तीच्या बायकोनं विचारलं.