लाल रंगाचं माप

छत्रपती संभाजीनगर

प्रिय दीपमाला,

तुझा फोन येऊन बारा दिवस झाले आणि पत्र आज लिहितोय, रागावू नकोस. फोनवर तीनदा सांगायला घेतलं, पण गुडघेदुखीच्या पुढं जीभ गेली नाही.

इकडं ठीक. तुझ्या दादाची सायली कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. परवा टूथपेस्टवरचं नाव वाचून म्हणाली, आजोबा, हे स्टॅनस फ्लोराइड म्हणजे कथलाचंच, टिनचं, दात किडू नयेत म्हणून घालतात. वाळूजला पीव्हीसी पाइप करतात, त्यातही उष्णतेनं माल बिघडू नये म्हणून कथलाचं काहीतरी असतं म्हणे. मी म्हटलं, पोरी, माझी हयात त्यातच गेली. आमच्या रंगाच्या कारखान्यात पांढऱ्या खड्यांचा डबा असायचा, टिन क्लोराइडचा. लाखेच्या रंगात ते टाकलं की मळका लाल एकदम पेटायचा आणि रेशमाला धरून बसायचा. किलोभर रेशमाला चार तोळे, हे माप. तिनं विचारलं, जास्त पडलं तर? मी चहाचा कप घेऊन उठलो.

तुझ्या लग्नातल्या पैठणीचं रेशीम मी रंगवलं, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी मी आठ तोळे टाकले. कारखान्याच्या मालकाच्या मुलीच्या पैठणीपेक्षा माझ्या मुलीचा लाल उजळ दिसावा, एवढंच डोक्यात. माझी शाळा सातवीपर्यंतची; दुप्पट टाकलं की रंग दुप्पट, असं वाटलं. रंग आलाही. त्याच रेशमाची दुसरी पैठणी शेजारच्या सारजाबाईंनी घेतली. चार वर्षांनी ती घड्यांवर फाटली. सगळ्यांनी विणकर सांडूला धरलं. तो मला म्हणाला, "अण्णा, रेशीम तुमचं अन् बोलणी मला, व्हय?" माप माझंच चुकलं, हे मला तेव्हाच उमगलं. तुझी तू पेटीत जपून ठेवलीस, म्हणून मीही गप्प राहिलो.

आता तू सांगतेस, तुझी प्रेरणा लग्नात आईचीच पैठणी नेसणार. बाई, नेसवू नकोस. कथील जास्त झालेलं रेशीम आतून कुरकुरीत होतं. वरून कळत नाही, पोरगी पाटावर बसली की फाटेल, भर मांडवात. घडी हळूच उघड, मोडीवर बोट फिरव, धागा तुटतो का बघ. आणि घरात सगळ्यांना सांग, चूक सांडूची नव्हती. तो बिडकीनला असतो, उद्या मी त्याच्याकडं जातोय. लग्नाला अठराच दिवस आहेत. पेटी उघडलीस की त्याच दिवशी कळव, माझा जीव त्यात अडकलाय.

तुझाच,
अण्णा