अलेमितू घरी गेली

बैरूत, ईस्टरनंतरचा मंगळवार

प्रिय आई,

तुझ्या हातांचे मुके घेते. मी बरी आहे, काळजी करू नकोस. बाबांचा खोकला थांबला का?

आमच्याकडे कामाला असलेली अलेमितू इथिओपियाला तिच्या घरी गेली. तिचा करार कधीच संपला होता, पण सासूबाई तिचा पासपोर्ट कपाटातून काढेनात. म्हणायच्या, "ती गेली तर माझं कोण करणार?"

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी चर्चमध्ये फादरांनी येशूसारखे गरिबांचे पाय धुतले, तेव्हा सासूबाई ढसाढसा रडल्या. घरी येऊन त्यांनी खोलीत कोंडलेल्या अलेमितूला बाहेर काढलं आणि स्वतःचे पाय चेपायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी त्या चर्चला गेल्या. मी प्रार्थना केली. मग कपाट उघडलं, पासपोर्ट अलेमितूच्या हातात दिला आणि तिला विमानतळावर सोडून आले.

तेव्हापासून फादी त्याच्या आईची बाजू धरून माझ्याशी बोलत नाही. फादर म्हणाले, "पोरी, नवऱ्याच्या घरची शांतता मोडलीस." सासूबाईंचे पाय आता मी चेपते.

प्रार्थना तू शिकवलीस, आई. ती खरी मानली की माणूस किती एकटं पडतं, ते मात्र सांगितलं नाहीस.

आपल्याकडे कामाला असलेली मेरोन कशी आहे? तिचा करार संपून किती वर्षं झाली?

रागावलीस तरी उत्तर दे.

तुझीच लेक,
नुहाद