मागून आलेलं संत्रं

मंगळवार, दिवेलागणीनंतर. सांगली

जिभेवरचा कडवटपणा जात नाही. दोनदा चूळ भरली, गुळाचा खडा चघळला, तरी तसाच.

चिरंजीव महेश पुण्याची नोकरी सोडून बिअर करणार म्हणे, तीही माझ्या गुळाच्या वखारीत! पेला पुढ्यात ठेवून म्हणाला, "आबा, वर्षभर मुरवलीया. उभ्या बाजारानं तुमच्या जिभेवर गूळ घेतला. तुमी चांगली म्हणाला तरच वखार मागीन."

पहिल्याच घोटाला कडुलिंब. कानशिलं तापली.

"लय कडू हाय रं. म्हशीच्या पोटदुखीचा काढा बरा!"

तो हसला. "कडूच आसती, आबा. मागनं काय येतंय ते बघा."

मला चव शिकवतो!

मागून संत्र्याची साल आली. पलूसच्या शाळेत गुरुजी कविता म्हणता म्हणता संत्रं सोलायचे, तोच वास. कविता अर्धी विसरलो, वास जसाच्या तसा. तो ह्या दारूत शिरलाच कसा? रागानं दुसरा घोट घेतला. पुन्हा संत्रं.

"न्हाई जमलं," म्हणालो नि पेला सरकवला. तो बाटल्या आवरून गेला.

जन्मभर ढेपा फोडून गूळ चाखला. वैऱ्याच्या चांगल्या गुळालाही कधी वाईट म्हटलं नाही. आज पोटच्या पोरापुढं खोटं बोललो. वखारीत दारू नको, एवढं सरळ सांगवेना, म्हणून जिभेला मध्ये घातलं?

पेल्याच्या तळाशी घोटभर उरलीय. तो वास इथवर येतोय.

सकाळी सांगीन त्याला, माल अस्सल आहे. आणि वखार मिळणार नाही, तेही त्याच दमात.